स्वमग्न मुले आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या : समज, पुरावा व आपले कर्तव्य

'स्वमग्नता' हा शब्द आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांत अजून रुळलेला नाही. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, तासन् तास एकच चाक फिरवीत बसते, असे दिसले म्हणजे घरची माणसे म्हणतात, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." पुढे ते मूल शाळेत जाते आणि तेथे त्याला 'येडं' किंवा 'मुकं' असे नाव पडते. कोणी अंगारा आणतो, कोणी देवरुष्याकडे नेतो. जो पालक थोडा शिकलेला आहे, तो शहरातल्या डॉक्टरकडे जातो आणि 'ऑटिझम' हा शब्द घेऊन परत येतो. आणि त्या शब्दामागोमाग नातेवाइकांकडून, दुकानदाराकडून, मोबाईलवरच्या चित्रफितींतून एक सल्ला त्याच्या घरी पोहोचतो : "ओमेगा-३ द्या. माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या. मेंदूला खुराक मिळेल, पोरगं बोलायला लागेल."

हा सल्ला कितपत खरा आहे? मंडळाच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी हा प्रश्न समजून घ्यावा, म्हणून हा लेख. आम्ही येथे कोणास औषध सुचवीत नाही की कोणाचे औषध बंद करण्यासही सांगत नाही. रोजमजुरी करणाऱ्या घराचा पैसा आणि मुलाच्या आयुष्यातील मोलाची वर्षे कोठे खर्च व्हावीत, एवढाच आमचा विषय आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण करून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वमग्नता हा तापासारखा येणारा-जाणारा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच थोडी वेगळी असते आणि ती जन्मापासूनची असते. अशा मुलांना दुसऱ्याशी संवाद साधणे, नजरेला नजर देणे, बोलण्यामागचा भाव ओळखणे अवघड जाते. एकच हालचाल किंवा एकच खेळ ती पुन्हा पुन्हा करतात. रोजच्या क्रमात बदल झाला तर बिथरतात. काहींना मोठा आवाज सोसत नाही, काहींना विशिष्ट कापडाचा स्पर्श सोसत नाही. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही उत्तम बोलतात, गणितात पुढे असतात, पण मित्र जोडू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला जगाचा ढोबळ अंदाज सुमारे शंभर मुलांत एक असा आहे. म्हणजे हजार मुलांच्या परिसरात अशी पाच-दहा मुले असणारच. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. एके काळी पाश्चात्त्य डॉक्टरांतही हे मत प्रचलित होते. ते चुकीचे ठरले आहे. दुसरा असा की, लसीमुळे स्वमग्नता येते. १९९८ साली इंग्लंडमधील एका शोधनिबंधामुळे ही भीती पसरली. तो निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. लाखो मुलांच्या पाहणीत लसीचा व स्वमग्नतेचा संबंध आढळलेला नाही. तेव्हा आईला दोष देऊ नये आणि लस चुकवू नये.

मेदाम्ले म्हणजे काय?

आपण खातो ते तेल, तूप, चरबी हे पदार्थ मेदाम्लांचे बनलेले असतात. त्यांतली बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. परंतु काही मेदाम्ले शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. १९२९ साली अमेरिकेत बर या शास्त्रज्ञ दांपत्याने उंदरांना मेदरहित आहार देऊन ही गोष्ट दाखवून दिली. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खरबरीत झाली, आणि योग्य मेद देताच ती सुधारली. म्हणून अशा मेदाम्लांना 'आवश्यक मेदाम्ले' म्हणतात.

त्यांचे दोन गट आहेत : ओमेगा-६ आणि ओमेगा-३. ओमेगा-६ आपल्याला सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांच्या तेलातून मिळते, बहुधा गरजेपेक्षा जास्तच. ओमेगा-३ कुटुंबात तीन नावे महत्त्वाची आहेत. पहिले एएलए. हे वनस्पतींत असते, आणि त्याचा सर्वांत मोठा साठा आपल्या ओळखीच्या जवसात आहे. दुसरे ईपीए व तिसरे डीएचए. ही दोन प्रामुख्याने समुद्रातील तेलकट माशांत असतात, जसे बांगडा व तारली. माशांनाही ती मुळात समुद्रातील सूक्ष्म शेवाळापासून मिळतात. आपले शरीर एएलएपासून ईपीए व डीएचए बनवू शकते, परंतु फार थोडे. ईपीए शेकडा काही टक्के आणि डीएचए त्याहूनही कमी.

आशा कोठून निर्माण झाली?

ही आशा अगदीच निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए मोठ्या प्रमाणात असते. गर्भातील शेवटचे महिने व पहिली दोन वर्षे या काळात मेंदू ते झपाट्याने साठवितो. काही अभ्यासांत स्वमग्न मुलांच्या रक्तात हे मेदाम्ल इतर मुलांपेक्षा कमी आढळले. तेव्हा संशोधकांनी विचार केला की, जे कमी आहे ते भरून काढले तर वागणुकीत फरक पडेल काय?

पण येथे विद्यार्थी मित्रांनी थांबून एक प्रश्न विचारावा. रक्तात मेदाम्ल कमी आहे म्हणून मूल स्वमग्न आहे, की मूल स्वमग्न असल्यामुळे त्याच्या रक्तात मेदाम्ल कमी आहे? अनेक स्वमग्न मुले खाण्यात अतिशय निवडक असतात. कोणी नुसता भात खातो, कोणी फक्त बिस्किटे खातो, मासा ताटात दिसला तरी उठून जातो. अशा मुलाच्या रक्तात मेदाम्ल कमी असणे साहजिक आहे. मग तो स्वमग्नतेचा परिणाम झाला, कारण नव्हे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. खरे काय ते परीक्षा घेतल्यावाचून कळत नाही.

परीक्षा कशी घ्यावी : गडचिरोलीचाच धडा

परीक्षा कशी घेतात हे शिकण्यासाठी आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू कमी करण्यासाठी घरोघरी सेवा देण्याची पद्धत तपासून पाहिली. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती मोजली. नंतर ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच स्त्रिया बाळाच्या घरी जाऊ लागल्या, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, तेथे नेहमीचीच सेवा चालू राहिली. दोन्हीकडील जन्म व मृत्यू सारख्याच काळजीने नोंदले गेले. तिसऱ्या वर्षाअखेर सेवेच्या गावांतील नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्यामागे हा पुरावा होता.

या उदाहरणातला मुद्दा असा की, नुसती ३९ गावे पाहिली असती तर कोणीही म्हणाले असते, "काळच बदलला, रस्ते झाले, म्हणून मृत्यू घटले." तुलनेची गावे होती म्हणूनच खरे श्रेय कोणाचे ते ठरविता आले.

औषधाची परीक्षा घेतानाही हाच नियम असतो. मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे पालकांनाही माहीत नसते व तपासणाऱ्यालाही नसते. शेवटी दोन्ही गटांतील फरक मोजतात.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर एका प्रसिद्ध चाचणीत मिळते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'सिक्रेटिन' नावाच्या संप्रेरकाचे इंजेक्शन स्वमग्नतेवर रामबाण आहे अशी हवा उठली होती. तेव्हा ६० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन दिले व निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. १९९९ साली निष्कर्ष आले. सिक्रेटिनच्या गटात सुधारणा दिसली, आणि मिठाच्या पाण्याच्या गटातही जवळजवळ तेवढीच दिसली! मुले आपोआप वाढत असतात, त्यांचे चांगले-वाईट दिवस येत असतात, आणि आशेने भरलेला पालक लहानसा बदलही टिपतो. तो पालक खोटे बोलत नसतो, पण श्रेय चुकीच्या बाटलीला देतो. विशेष म्हणजे हा निकाल सांगितल्यानंतरही शंभरांपैकी ६९ पालक त्या इंजेक्शनविषयी उत्सुक होते. आशा किती चिवट असते, हे यावरून कळते.

ओमेगा-३ च्या चाचण्यांनी काय सांगितले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००७ साली ऑस्ट्रियात ५ ते १७ वर्षे वयाच्या १३ मुलांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली. रोज सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३ दिले. अतिचंचलता थोडी कमी होत असावी असे वाटले, पण मुले अवघी तेरा. २०११ साली अमेरिकेत ३ ते ८ वर्षांच्या २७ मुलांना रोज १.३ ग्रॅम प्रमाणे बारा आठवडे दिले. फरक इतका लहान होता की तो योगायोगानेही पडू शकला असता. त्याच वर्षी 'कॉक्रेन' या पुरावा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला. त्यांच्या कसोटीस उतरलेल्या चाचण्या दोनच निघाल्या, त्यांत मिळून ३७ मुले होती. ओमेगा-३ मुळे स्वमग्नतेची मूळ लक्षणे सुधारतात असे म्हणण्यास चांगल्या प्रतीचा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर २०१४ साली ४८ मुलांना सहा महिने शेवाळापासून काढलेले डीएचए दिले गेले. रक्तातील डीएचए वाढले, वागणुकीत मात्र फरक पडला नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण 'कमी आहे ते भरून काढले की झाले' या कल्पनेलाच तिने धक्का दिला. २०१५ साली कॅनडात २ ते ५ वर्षांच्या ३८ मुलांवर सहा महिन्यांची चाचणी झाली. तेथे मूळ लक्षणांत फायदा दिसला नाहीच, उलट आदळआपट व त्रागा यांसारखे वर्तन औषध घेणाऱ्या गटात थोडे अधिक आढळले. २०१९ साली न्यूझीलंडमधील चाचणीत वर्षभर ओमेगा-३ व ड जीवनसत्त्व दिले. चिडचिड काहीशी कमी झाल्याचे दिसले, परंतु आरंभी असलेल्या ११७ मुलांपैकी शेवटपर्यंत ७३ च टिकली.

२०१७ साली दोन वेगवेगळ्या गटांनी तोवरच्या पाच-सहा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सगळी मिळून मुले दोनशेच्या आतच. एका गटाला अतिचंचलतेसारख्या लक्षणांत अल्पसा फायदा दिसला, दुसऱ्याच्या मते एकंदर उपयोग सिद्ध होत नाही. २०२५ साली फ्रान्स व इंग्लंडमधील संशोधकांनी स्वमग्नतेवरील आहारपूरके, संगीत, प्राणी-सहवास इत्यादी पूरक उपचारांवरील सुमारे २०० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर असा कोणताही उपाय काम करतो असे सांगणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. यांपैकी निम्म्याहून अधिक उपायांची सुरक्षितता तर नीट तपासलेलीच नव्हती.

या सर्वांचे सार एका वाक्यात असे : ओमेगा-३ ने मूल बोलू लागते, नजर देऊ लागते किंवा स्वमग्नता जाते, असे म्हणण्यास आधार नाही. चंचलता वा चिडचिड काही मुलांत किंचित कमी होत असेल, पण तेही पक्के नाही.

"फायदा नसेल, पण तोटा तरी काय?"

हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्याचा हिशेब मांडू.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' लिहिलेले असते. ते तेलाचे वजन असते. नेहमीच्या गोळीत ईपीए १८० व डीएचए १२०, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात. चाचण्यांत मुलांना १३०० ते १५०० मिलिग्रॅम दिले होते. तेवढे द्यायचे तर रोज चार-पाच गोळ्या लागतील, आणि ६० गोळ्यांची बाटली बारा-पंधरा दिवसांत संपेल. एक गोळी देणारा पालक चाचणीतल्या प्रमाणाच्या पाव हिश्शाहून कमी देतो, आणि पाच गोळ्या देणारा महिन्याला दोन-अडीच बाटल्या विकत घेतो. तेंदूपानाच्या हंगामावर व धानाच्या रोवणीवर ज्यांचे घर चालते त्यांना हा खर्च कोठून झेपणार? आणि झेपला तरी कशासाठी?

शिवाय काहींना करपट ढेकर, मळमळ, हगवण होते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या देऊच नयेत. 'कॉड' माशाच्या यकृताचे तेल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ व ड जीवनसत्त्वे असतात. ओमेगा-३ साठी म्हणून ते जास्त प्रमाणात पाजले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन अपाय होतो. आपल्या देशात ही पूरके औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात. २०१६ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाचे शब्द छापावे लागतात. ते बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतात. विद्यार्थ्यांनी ते आपल्या शेजारच्या आई-वडिलांना वाचून दाखवावेत.

सर्वांत मोठा तोटा मात्र वेळेचा आहे. "सहा महिने गोळ्या देऊन पाहू" असे म्हणता म्हणता मूल पाच वर्षांचे होते. शिकण्याची सर्वांत चांगली वर्षे वाट पाहण्यात निघून जातात. किशोरवयात काही स्वमग्न मुलांना फिट येऊ लागतात. अशा वेळी फिटचे औषध बंद करून तेलाच्या गोळ्या देणे तर जिवावर बेतू शकते.

मग जवस खावे की नाही?

अवश्य खावे. जवस हे आपल्या विदर्भाचे जुने पीक आहे. कित्येक घरांत जवसाची चटणी व जवसाचे तेल पूर्वापार चालत आले आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग एएलए या ओमेगा-३ चा असतो. जवस भाजून व कुटून खावे. अख्खे बी तसेच बाहेर पडते, आणि कच्च्या बियांतील थोडासा विषारी अंश भाजल्याने कमी होतो. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून ते थोडेच काढून आणावे. मोहाच्या बियांचे तेलही आपल्याकडे खातात, परंतु त्यात ओमेगा-३ जवळजवळ नसते. मामा तलावांतील व बोड्यांतील रोहू, कतला व लहान मासे प्रथिनांसाठी उत्तम आहेत. त्यांतही ओमेगा-३ असते, मात्र समुद्राच्या तेलकट माशांएवढे नसते.

पण हे सारे अन्न म्हणून, घरातल्या सर्व मुलांसाठी. स्वमग्नतेवरचे औषध म्हणून नव्हे. मूल मोजकेच पदार्थ खात असेल तर ओरडून किंवा कोंबून उपयोग नाही. त्याच्या आवडीच्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ नखाएवढा ठेवावा, त्याने नुसता हुंगला तरी पुरे म्हणावे, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी ठेवावा. मूल माती किंवा खडू खात असेल, फिकट दिसत असेल, तर रक्ताची तपासणी आधी करावी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकल सेल आजार पुष्कळ आढळतो. तो व रक्तक्षय तेलाच्या गोळीने लपविला जाऊ नये.

उपयोग कशाचा होतो?

येथे आम्हांस आशेची गोष्ट सांगावयाची आहे. २०१६ साली गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाच्या पालकांना बारा भेटींत मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकविली. शिकविणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. परिणाम असा की, पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात, म्हणजे दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर टिकण्यात, फरक उलट दिशेने दिसला, हेही नमूद केले पाहिजे. स्वमग्नता गेली नाही, पण मूल आणि आई यांच्यातील दार किलकिले झाले.

ही रीत कठीण नाही. मुलासमोर त्याच्या उंचीवर बसावे. ते ज्या वस्तूकडे पाहत आहे तिच्याविषयी एक-दोन शब्द बोलावे, आपली वस्तू त्याच्यावर लादू नये. बोलून झाल्यावर थांबावे, त्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा. त्याने हात दाखविला, आवाज काढला, तरी ते बोलणेच आहे असे मानून प्रतिसाद द्यावा. बोलता न येणाऱ्या मुलासाठी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पाणी, भात, झोप, शी-शू यांची चित्रे काढून द्यावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. आणि घरची जी बोली असेल, मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू वा बंगाली, तीतच बोलावे. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे आढळलेले नाही.

सर्वांत आधी मात्र कान तपासून घ्यावे. हाकेला वळत नाही त्याचे कारण बहिरेपणाही असू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी लपवू नये, अंगणवाडी सेविकेला आधीच सांगून ठेवावे.

हक्क आणि मंडळाचे काम

स्वमग्न मूल हे दयेचे पात्र नव्हे, हक्काचे धनी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याखालील 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता धरली आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय स्वमग्नता मोजपट्टी वापरतात, आणि अर्ज संगणकावरून करावा लागतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात.

हे सारे कागदावर आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील पालकाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि एक कागद कमी पडला की तोच फेरा पुन्हा. येथे मंडळाला खरे काम आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत, कागद आधीच तपासून घ्यावेत, रुग्णालयात सोबत जावे. शिक्षक सभासदांनी आपल्या वर्गातील असे मूल ओळखून त्याला चिडविण्यापासून वाचवावे. १४ एप्रिलची मिरवणूक असो की लग्न, ध्वनिक्षेपकापासून दूर, कडेला, एक शांत जागा अशा कुटुंबासाठी राखून ठेवावी, म्हणजे मुलाला घरी कोंडून आईला एकटे बसावे लागणार नाही.

आणि कोणी बाटली घेऊन आला, मग ती माशाच्या तेलाची असो, मंतरलेल्या पाण्याची असो किंवा आणखी कशाची, तर त्याला चार साधे प्रश्न विचारावे. किती मुलांवर तपासले? तुलनेला दुसरा गट होता काय? किती प्रमाण, किती दिवस दिले? आणि अपाय कोणाला झाला, याची नोंद ठेवली काय? उत्तर मिळाले तर ऐकून घ्यावे. न मिळाल्यास पैसे गाठीला ठेवावे आणि तो अर्धा तास मुलासमोर बसून घालवावा.

बाटली विकणारा पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. मूल मात्र आपल्याच घरात, आपल्याच शेजारी वाढणार असते. त्याला बरे करून दाखविण्याच्या हट्टापेक्षा त्याला समजून घेण्याचा प्रयत्न आपण करावा, आणि तो करणाऱ्या आई-वडिलांच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे, एवढेच आमचे सर्व सभासदांस व विद्यार्थ्यांस नम्र आवाहन आहे.